लोलकोडमध्ये फंक्शन लिहिणं आणि वापरणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोलकोड म्हणजे नेमकं काय?

मांजरांच्या फोटोंवर मुद्दाम मोडक्या इंग्रजीत मथळे लिहायची लाट इंटरनेटवर आली होती. त्या मथळ्यांची बोली घेऊन अ‍ॅडम लिंडसे या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकाने २००७ साली एक प्रोग्रॅमिंग भाषा तयार केली, ती लोलकोड. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये तिचं १.२ हे स्पेसिफिकेशन (भाषेच्या नियमांचा दस्तऐवज) आलं. या पानावरचं सगळं त्याच आवृत्तीला धरून आहे. कोड चालवायला एलसीआय हा इंटरप्रिटर (कोड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) सर्वांत सोयीचा. तो जस्टिन मेझा यांनी सी भाषेत लिहिला आहे.

शब्द खेळकर असले तरी भाषा अर्धीमुर्धी नाही. व्हेरिएबल, प्रकार, अटी, लूप सगळं आहे, आणि फंक्शनचे नियम तर कित्येक रुळलेल्या भाषांपेक्षा कडक आहेत. हे पान त्या कडक नियमांसाठी आहे. मौजेचे शब्द पाहून लोक नियम वाचायचे सोडून देतात आणि मग अडकतात.

इथला कोड देवनागरीत दिसतोय. टाइपही असाच करायचा का?

नाही. वाचायला सोपं जावं म्हणून कीवर्ड इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. फाइलमध्ये ते रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांत टाइप करायचे. फंक्शनची आणि व्हेरिएबलची नावंही रोमनमध्येच लागतात: सुरुवात अक्षराने, पुढे अक्षरं, आकडे किंवा अंडरस्कोर. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक नावात मोजला जातो. अवतरणचिन्हांतल्या मजकुरात मात्र मराठी बिनधास्त लिहा.

स्पेलिंगमध्ये हमखास घसरण होते, म्हणून नेहमी लागणारे शब्द अक्षरशः सांगतो. ‘इझ’ म्हणजे आय-झेड. ‘युअर’ फक्त दोन अक्षरांचा, वाय-आर. ‘अ‍ॅन’ म्हणजे ए-एन, शेवटी डी नाही. ‘म्के’ म्हणजे एम-के-ए-वाय. ‘यू’ एकच अक्षर. ‘प्रॉडक्ट’मध्ये सी नाही, के आहे. ‘सेम’चं स्पेलिंग एस-ए-ई-एम असं उलटापालट केलेलं, ‘रियली’ म्हणजे आर-एल-वाय, आणि ‘नो वे’मधला ‘वे’ म्हणजे डब्ल्यू-ए-आय. बोटं सवयीने शुद्ध स्पेलिंग टाइप करतात आणि इंटरप्रिटर ते नाकारतो. पहिली एरर आली की लॉजिक तपासण्याआधी स्पेलिंग तपासा.

फंक्शन लिहायचं कसं?

सुरुवात ‘हाऊ इझ आय’ने, शेवट ‘इफ यू से सो’ने. मध्ये फंक्शनचं काम.

    हाय १.२
    हाऊ इझ आय बेरीज युअर पहिला अ‍ॅन युअर दुसरा
        फाउंड युअर सम ऑफ पहिला अ‍ॅन दुसरा
    इफ यू से सो
    व्हिजिबल आय इझ बेरीज युअर ४ अ‍ॅन युअर ५ म्के
    केथँक्सबाय

‘हाय’ आणि ‘केथँक्सबाय’ ही प्रोग्रॅमची दोन टोकं. ‘हाऊ इझ आय’नंतर लगेच फंक्शनचं नाव येतं, तेही एकाच शब्दाचं. प्रत्येक आर्ग्युमेंटच्या (फंक्शनला दिलेल्या किमतीच्या) आधी ‘युअर’, आणि दुसऱ्या आर्ग्युमेंटपासून ‘अ‍ॅन युअर’. ‘सम ऑफ’ बेरीज करतो, ‘व्हिजिबल’ उत्तर पडद्यावर छापतो. हा प्रोग्रॅम ९ छापतो.

ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा भाषा मोजत नाही, ती आपल्या डोळ्यांसाठी. ओळ कुठे संपते हे मात्र मोजलं जातं. एक विधान दोन ओळींवर न्यायचं असेल तर पहिल्या ओळीच्या शेवटी तीन टिंबं द्या. उलट, एका ओळीत दोन विधानं बसवायची असतील तर मध्ये स्वल्पविराम चालतो. पण फंक्शनच्या आत स्वल्पविराम टाळा. त्यात एरर शोधणं जिकिरीचं होतं.

आर्ग्युमेंट नसलेलं फंक्शन चालतं का?

चालतं. ‘हाऊ इझ आय’ आणि नाव, एवढीच पहिली ओळ. कॉल करताना, म्हणजे फंक्शन वापरताना, ‘आय इझ’, नाव आणि ‘म्के’.

कॉल करताना ‘म्के’ द्यायलाच हवा का?

हो, प्रत्येक वेळी. लोलकोडमध्ये कंस नाहीत, त्यामुळे फंक्शनला दिलेल्या किमतींची यादी कुठे संपली हे ‘म्के’च सांगतो. कित्येक आर्ग्युमेंट घेणारे जे अंगभूत ऑपरेटर आहेत, उदाहरणार्थ मजकूर जोडणारा ‘स्मूश’, त्यांच्यात ओळ संपत असेल तर ‘म्के’ गाळायची मुभा आहे. ते पाहून फंक्शनच्या कॉलमध्येही तो गाळण्याचा मोह होतो. तिथे गाळू नका.

कॉलमध्ये कॉल असेल तर दोघांचे ‘म्के’ वेगवेगळे (‘दुप्पट’ हे आकडा दुप्पट करणारं फंक्शन, त्याची व्याख्या पुढे येते):

    व्हिजिबल आय इझ दुप्पट युअर आय इझ दुप्पट युअर ३ म्के म्के

आतला कॉल आधी होतो आणि ६ देतो, बाहेरचा त्याचे १२ करतो. फंक्शन सुरू होण्याआधी आर्ग्युमेंटच्या जागी लिहिलेली प्रत्येक पदावली (एक्स्प्रेशन) पूर्ण सोडवली जाते. अर्धवट काहीच आत जात नाही.

‘अ‍ॅन’ आणि ‘अ‍ॅन युअर’ यांत माझा फार गोंधळ होतो.

तो बहुतेकांचा होतो, म्हणून एक ओळ नीट पाहू:

    आय इझ बेरीज युअर सम ऑफ २ अ‍ॅन ३ अ‍ॅन युअर ४ म्के

‘सम ऑफ’ला बरोबर दोन संख्या लागतात, २ आणि ३. त्यांच्यामधला ‘अ‍ॅन’ एकटा आहे, तो ‘सम ऑफ’चा. त्यानंतरच्या ‘अ‍ॅन’ला ‘युअर’ चिकटला आहे, म्हणून तो ‘बेरीज’चा. थोडक्यात, ऑपरेटरचा ‘अ‍ॅन’ सुटा असतो आणि फंक्शनचा ‘अ‍ॅन’ ‘युअर’ला सोबत घेऊन येतो. ओळ मोठ्याने वाचून पाहा, कुठला ‘अ‍ॅन’ कुणाचा ते कानाला कळतं. आणि ओळ फारच लांबली तर आतली बेरीज आधी एका व्हेरिएबलमध्ये ठेवा. चार ओळी जास्त झाल्या तरी बिघडत नाही.

फंक्शनमधून उत्तर बाहेर कसं येतं?

तीन वाटा आहेत.

पहिली ‘फाउंड युअर’. त्याच्यापुढे जी पदावली असेल तिची किंमत परत जाते आणि फंक्शन तिथल्या तिथे संपतं. अटीच्या आत असा, लूपच्या आत असा, पुढची एकही ओळ चालत नाही.

दुसरी ‘जीटीएफओ’. यातही फंक्शन संपतं, पण परत काही येत नाही. म्हणजे नेमकं सांगायचं तर ‘नूब’ येतं. ‘नूब’ हा लोलकोडमधला किंमत नसलेला प्रकार. हे नूब अटीत वापरलं तर ‘फेल’, म्हणजे असत्य, मानलं जातं, पण बेरजेत किंवा मजकुरात आपोआप बदलत नाही, तिथे एरर येते. म्हणून ‘जीटीएफओ’ने संपणाऱ्या फंक्शनचं उत्तर थेट ‘व्हिजिबल’ला देऊ नका.

तिसरी वाट म्हणजे काहीच न लिहिणं. फंक्शन ‘इफ यू से सो’पर्यंत पोचलं तर त्या क्षणी ‘इट’मध्ये जे असेल ते परत जातं. ही वाट सगळ्यांत फसवी आहे.

हा ‘इट’ काय प्रकार आहे, आणि फसवा का?

एखादी पदावली कुठल्याही व्हेरिएबलमध्ये न ठेवता नुसतीच लिहिली, की तिची किंमत ‘इट’ या अंगभूत व्हेरिएबलमध्ये जाते. पुढची नुसती पदावली येईपर्यंत ती तिथे राहते. त्यामुळे असं छोटं फंक्शन ‘फाउंड युअर’शिवायही बरोबर चालतं:

    हाऊ इझ आय दुप्पट युअर अंक
        प्रॉडक्ट ऑफ अंक अ‍ॅन २
    इफ यू से सो

दिसायला सुटसुटीत. पण लोलकोडमध्ये अटही ‘इट’वरच चालते. ‘ओ रियली?’ स्वतः काहीही तुलना करत नाही. आधीच्या ओळीने ‘इट’मध्ये काय ठेवलं ते पाहून तो ‘या रियली’ किंवा ‘नो वे’ची वाट धरतो. आता हे पाहा:

    हाऊ इझ आय मर्यादा युअर अंक
        बोथ सेम अंक अ‍ॅन बिगर ऑफ अंक अ‍ॅन १००
        ओ रियली?
            या रियली
                फाउंड युअर १००
        ओ आय सी
    इफ यू से सो

हेतू असा की अंक १०० किंवा जास्त असेल तर १०० परत द्यायचे, नाहीतर अंक जसाच्या तसा. ‘नो वे’ गाळायला भाषेची हरकत नाही, म्हणून एरर येत नाही. पण ४० दिले तर काय होतं? ‘बोथ सेम’ने ‘इट’मध्ये ‘फेल’ ठेवलं. अट लागू झाली नाही. फंक्शन शेवटाला पोचलं आणि ‘इट’ परत केलं. म्हणजे ४० ऐवजी ‘फेल’ हाती आलं. चूक या फंक्शनमध्ये आहे, पण ती दिसेल दुसरीकडेच, जिथे ते उत्तर वापरलं जाईल तिथे.

दुरुस्ती एका ओळीची: ‘ओ आय सी’नंतर ‘फाउंड युअर अंक’. किंमत देणाऱ्या प्रत्येक फंक्शनची शेवटची ओळ ‘फाउंड युअर’ असावी, हा नियम मी स्वतः कधी मोडत नाही आणि शिकणाऱ्यांनाही मोडू देत नाही. ‘इट’वर विसंबून वाचलेली एक ओळ नंतर तासभर खाते.

‘बोथ सेम अंक अ‍ॅन बिगर ऑफ अंक अ‍ॅन १००’ ही तुलना अशी आडवळणाने का?

कारण १.२मध्ये ‘पेक्षा मोठा’ किंवा ‘पेक्षा लहान’ असे ऑपरेटरच नाहीत. फक्त ‘समान’ आणि ‘भिन्न’ आहेत, शिवाय दोहोंतला मोठा देणारा ‘बिगर ऑफ’ आणि लहान देणारा ‘स्मॉलर ऑफ’. अंक आणि १०० यांतला मोठा जर अंकच असेल, तर अंक १०० एवढा किंवा त्याहून मोठा आहे. ‘डिफरिंट’ आणि ‘स्मॉलर ऑफ’ यांची जोडी लावली की काटेकोर ‘मोठा’ मिळतो. हे सारखंसारखं लिहावं लागत असेल तर त्याचंच फंक्शन करा:

    हाऊ इझ आय मोठाका युअर क अ‍ॅन युअर ख
        फाउंड युअर डिफरिंट क अ‍ॅन स्मॉलर ऑफ क अ‍ॅन ख
    इफ यू से सो

फंक्शन कशासाठी असतं हे समजावायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. भाषेत जी सोय नाही ती एकदा लिहून तिला नाव दिलं, आणि पुढचा सगळा कोड वाचनीय झाला.

‘जीटीएफओ’ लूपमध्ये लिहिला तर फंक्शन संपतं की लूप?

लूप. ‘जीटीएफओ’ सर्वांत जवळच्या चौकटीतून बाहेर काढतो. लूपमध्ये असेल तर लूपमधून, अनेक पर्यायांच्या ‘डब्ल्यूटीएफ?’मध्ये असेल तर तिथून. फंक्शनमध्ये आहे पण लूप किंवा ‘डब्ल्यूटीएफ?’ भोवती नाही, तेव्हाच तो फंक्शन संपवतो. ‘ओ रियली?’ मात्र या हिशेबात धरायचा नाही. लूपच्या आतून थेट फंक्शनबाहेर पडायचं असेल तर ‘फाउंड युअर’ वापरा.

‘जीटीएफओ’ हा शब्द अपशब्दाचं संक्षिप्त रूप आहे. वर्गात वापरावा का?

फंक्शन शिकवण्यासाठी त्याची गरज पडत नाही. किंमत परत करायची नसेल तरी ‘फाउंड युअर विन’ (‘विन’ म्हणजे सत्य) लिहून काम भागतं. वर उलट फायदाच, कारण कॉल करणाऱ्याला काम झालं की नाही ते कळतं. मुलांना शिकवताना मी हाच मार्ग सुचवेन. मोठी माणसं आपलं आपण ठरवतील.

बाहेरचं व्हेरिएबल फंक्शनच्या आत दिसतं का?

स्पेसिफिकेशनप्रमाणे नाही. कॉल करणाऱ्या कोडमधली व्हेरिएबल फंक्शनला दिसत नाहीत. जे आत हवं ते आर्ग्युमेंटमधून न्यायचं.

अनेकांना हा जाच वाटतो. मला ही लोलकोडची सर्वांत शहाणी तरतूद वाटते. नव्याने शिकणाऱ्याच्या हातून सर्वांत जास्त चुका होतात त्या फंक्शनने गुपचूप बाहेरचं काहीतरी वाचल्यामुळे किंवा बदलल्यामुळे. इथे तो रस्ताच बंद आहे. फंक्शनची पहिली ओळ वाचली की ते कशाकशावर अवलंबून आहे याची पूर्ण यादी हातात येते. ही सवय एकदा लागली की दुसऱ्या कुठल्याही भाषेत गेलात तरी उपयोगी पडते. एखादा इंटरप्रिटर बाहेरचं व्हेरिएबल वाचू देतो असं आढळलं, तरी त्यावर कोड उभारू नका. तो कोड दुसऱ्या इंटरप्रिटरवर पडेल.

आर्ग्युमेंट आत बदललं तर बाहेरची किंमत बदलते का?

नाही. दिलेली किंमत ही आतल्या व्हेरिएबलची फक्त सुरुवातीची किंमत असते.

    आय हॅज अ गुण इट्झ १०
    व्हिजिबल आय इझ दुप्पट युअर गुण म्के
    व्हिजिबल गुण

‘आय हॅज अ’ने ‘गुण’ हे व्हेरिएबल १० किमतीचं तयार झालं. पहिला ‘व्हिजिबल’ २० छापेल, दुसरा १०. ‘गुण’ खरोखर बदलायचा असेल तर ‘आर’ने उत्तर परत त्यात ठेवा: ‘गुण आर आय इझ दुप्पट युअर गुण म्के’.

आर्ग्युमेंटची संख्या कमी-जास्त ठेवता येते का? गाळलेल्या आर्ग्युमेंटला आधीच ठरवलेली किंमत?

दोन्ही नाही. व्याख्येत जेवढी, कॉलमध्ये तेवढीच. ‘व्हिजिबल’ आणि ‘स्मूश’ कितीही घेतात, पण ती सवलत अंगभूत ऑपरेटरांना आहे, आपल्या फंक्शनांना नाही.

फंक्शन स्वतःलाच कॉल करू शकतं का?

करू शकतं, आणि लोलकोडमध्ये रिकर्शन शिकणं मला फार आवडतं, कारण कीवर्ड अनोळखी असल्यामुळे डोळे ओळीवरून घसरत नाहीत. प्रत्येक शब्द थांबून वाचावा लागतो. फॅक्टोरियल (१ पासून त्या अंकापर्यंतच्या सगळ्या अंकांचा गुणाकार) घेऊ:

    हाऊ इझ आय फॅक्ट युअर अंक
        बोथ सेम अंक अ‍ॅन स्मॉलर ऑफ अंक अ‍ॅन १
        ओ रियली?
            या रियली
                फाउंड युअर १
        ओ आय सी
        फाउंड युअर प्रॉडक्ट ऑफ अंक अ‍ॅन आय इझ फॅक्ट युअर डिफ ऑफ अंक अ‍ॅन १ म्के
    इफ यू से सो

४ देऊन बघू. ४ आणि १ यांतला लहान १, तो ४ नाही, म्हणून अट लागू होत नाही. शेवटच्या ओळीवर येतो. ‘प्रॉडक्ट ऑफ’ला पहिली संख्या मिळाली ४, दुसरीसाठी ‘फॅक्ट’ला ३ देऊन कॉल होतो. इथे ४ वालं फंक्शन थांबून राहतं. ३ वालं २ ला बोलावतं, २ वालं १ ला. १ ला अट लागू होते आणि १ परत येतो. मग परतीचा प्रवास: २ गुणिले १ म्हणजे २, ३ गुणिले २ म्हणजे ६, ४ गुणिले ६ म्हणजे २४. चारही वेळा ‘अंक’ हेच नाव होतं, पण प्रत्येक कॉलचा ‘अंक’ वेगळा. वर सांगितलेला स्कोपचा, म्हणजे कुठलं व्हेरिएबल कुठे दिसतं याचा, नियम इथे प्रत्यक्ष काम करताना दिसतो.

शेवटच्या ओळीतला ‘म्के’ कुणाचा, हे विचारलं जातं. ‘डिफ ऑफ’ला दोन संख्या मिळाल्या की ते संपतं, त्याला ‘म्के’ लागत नाही. ‘प्रॉडक्ट ऑफ’चंही तसंच. म्हणजे तो ‘आय इझ फॅक्ट’चा.

मी अंक वापरणाऱ्याकडून ‘गिमी’ने घेतो. ० दिला की फॅक्टोरियल ० येतं. यायला हवं १. का?

फार चांगला प्रश्न, कारण फंक्शन वरवर निर्दोष आहे. ‘गिमी’ जे वाचतो ते नेहमी ‘यार्न’ असतं, म्हणजे मजकूर. तुमच्या हाती आला तो ० हा आकडा नाही, “०” हे अक्षर आहे.

गणिताचे ऑपरेटर अशा मजकुराचा आपोआप आकडा करून घेतात. ‘बोथ सेम’ मात्र प्रकार बदलत नाही. मजकूर “३” आणि आकडा ३ त्याच्या लेखी भिन्न, उत्तर ‘फेल’. आता फंक्शन चालवून बघा. ‘स्मॉलर ऑफ’ने “०” आणि १ यांतला लहान दिला, आकडा ०. ‘बोथ सेम’ने मजकूर “०” आणि आकडा ० ताडून पाहिले आणि ‘फेल’ म्हटलं. थांबायची अट हुकली. शेवटच्या ओळीत ० वजा १ म्हणजे उणे १ घेऊन पुढचा कॉल झाला. उणे १ हा आता खरा आकडा आहे, त्याला अट लागू झाली, १ परत आला. ० गुणिले १, उत्तर ०.

याच कारणाने “५” दिला तर उत्तर बरोबर १२० येतं, कारण पहिल्या वजाबाकीनंतर सगळे खरे आकडेच होतात. “१” लाही उत्तर बरोबर येतं, पण एक जादा कॉल होऊन, योगायोगाने. चूक फक्त ० ला उघडी पडते, म्हणून ती महिनोन्‌महिने लपून राहू शकते.

उपाय: फंक्शनच्या पहिल्या ओळीत ‘अंक इज नाऊ अ नंबर’ लिहा. (हा ‘इज’ आय-एस, झेड नाही. ‘नंबर’चं स्पेलिंग एन-यू-एम-बी-आर.) कॉल करण्याआधी बाहेर बदललं तरी चालेल, पण फंक्शनने स्वतःची काळजी स्वतः घेतलेली बरी. कॉल करणारे अनेक असतात.

अपूर्णांक हरवतात. भागाकाराचं फंक्शन ७ ला २ ने भागून ३ देतं.

दोन्ही बाजूंना ‘नंबर’ म्हणजे पूर्णांक असेल तर ‘क्वोशंट ऑफ’ पूर्णांकच देतो. एका तरी बाजूला ‘नंबार’, म्हणजे दशांश संख्या द्या. २ ऐवजी २.० लिहिलं तरी ३.५ मिळेल.

एका फंक्शनमधून दोन किमती परत देता येतात का?

थेट नाही. १.२मध्ये ‘बकिट’ या संग्रहाच्या प्रकाराचं नाव राखून ठेवलेलं आहे, पण त्याची रचना पुढच्या आवृत्तीवर सोडली आहे. मजकूर म्हणून चालत असेल तर ‘स्मूश’ने दोन्ही जोडून द्या. नाहीतर दोन फंक्शनं लिहा. भागाकार आणि बाकी हवी असेल तर एक फंक्शन ‘क्वोशंट ऑफ’चं, दुसरं ‘मॉड ऑफ’चं. मला दोन फंक्शनंच जास्त स्वच्छ वाटतात.

फंक्शनची व्याख्या फाइलमध्ये कुठे ठेवावी?

‘हाय’नंतर लगेच, सगळ्या कॉलच्या आधी. दोन फंक्शनं एकमेकांना बोलावत असतील तरी हेच: दोन्हींच्या व्याख्या वर, पहिला कॉल त्यांच्या खाली.

जुनी उदाहरणं एलसीआयवर चालत नाहीत.

त्यांत बहुधा ‘हाऊ इझ आय’च्या जागी ‘हाऊ डझ आय’ असेल आणि कॉल करताना ‘आय इझ’ व ‘म्के’ नसतील, नुसतं नाव आणि पुढे किमती. ती आधीची पद्धत. व्याख्येची पहिली ओळ आणि प्रत्येक कॉल नव्या पद्धतीने लिहिला की उदाहरण चालतं.

लूपमध्ये फंक्शन वापरता येतं का?

आत कॉल करता येतोच. शिवाय एक देखणी सोय आहे. लूपच्या पहिल्या ओळीत व्हेरिएबल दर फेरीला कसं बदलायचं ते सांगता येतं: ‘अपिन’ म्हणजे एकाने वाढव, ‘नर्फिन’ म्हणजे एकाने घटव. स्पेसिफिकेशन सांगतं की त्या जागी एक आर्ग्युमेंट घेणारं कुठलंही फंक्शन चालतं. वरचं ‘दुप्पट’ तिथे बसवलं की व्हेरिएबल दर फेरीला दुप्पट होतं. फंक्शनच एखाद्या रचनेचा भाग म्हणून देण्याची ही कल्पना इतक्या छोट्या भाषेत पाहून मला खरंच आनंद होतो. वापरण्याआधी तुमचा इंटरप्रिटर ती ओळ कशी लिहायला सांगतो ते पाहून घ्या.

अशा इतर खेळकर भाषांत फंक्शन कसं असतं?

प्रत्येकीने आपल्या कल्पनेला धरून वेगळं उत्तर काढलं आहे, आणि ती शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

डेव्हिड मॉर्गन-मार यांच्या २००२ सालच्या शेफ या भाषेत प्रोग्रॅम म्हणजे पाककृती. तिथलं फंक्शन म्हणजे जोडपाककृती, ती हाताखालचा आचारी करतो. त्याला मुख्य आचाऱ्याच्या सगळ्या भांड्यांच्या हुबेहूब प्रती मिळतात. काम संपलं की त्याच्या पहिल्या भांड्यातलं सगळं, त्याच क्रमाने, मुख्य आचाऱ्याच्या पहिल्या भांड्यात येतं. आर्ग्युमेंट नाहीत, उत्तराला नाव नाही, पण मूळ माल सुरक्षित. लोलकोडने आर्ग्युमेंटच्या किमतीबाबत जे केलं तेच इथे सबंध भांड्यांबाबत आहे.

डिलन बीटी यांची २०१८ सालची रॉकस्टार भाषा गाण्याच्या ओळींसारखी वाचता येते. तिथे फंक्शनच्या नावानंतर ‘टेक्स’ आणि आर्ग्युमेंटची नावं, कॉलला ‘टेकिंग’, परत द्यायला ‘गिव्ह बॅक’. रचना लोलकोडच्या बरीच जवळची.

१९७२ साली डॉन वूड्स आणि जेम्स लायन यांनी केलेल्या इंटरकॅलमध्ये फंक्शनच नाही. ‘नेक्स्ट’ने दुसऱ्या ओळीवर उडी मारायची, परतीचा पत्ता एका स्टॅकवर (एकावर एक रचलेल्या यादीत) जमा होतो, ‘रिझ्यूम’ने परत यायचं, आणि परत यायचं नसेल तर ‘फर्गेट’ने पत्ता टाकून द्यायचा. त्या स्टॅकवर जास्तीत जास्त ७९ पत्ते मावतात. फंक्शन आतून कसं चालतं हे समजून घ्यायला ही रचना उत्तम, कारण एरवी भाषा जे आपल्यासाठी पडद्याआड करते ते इथे हाताने करावं लागतं.

माझं फंक्शन बरोबर आहे हे कसं तपासू?

लोलकोडमध्ये चाचणीची वेगळी साधनं नाहीत, पण ‘व्हिजिबल’ पुरतो. व्याख्येखालीच चार-पाच कॉल लिहा आणि अपेक्षित उत्तर ‘बीटीडब्ल्यू’च्या टिपेत शेजारी लिहून ठेवा. किमती निवडताना एक नेहमीची, एक ०, एक ऋण, एक अटीच्या अगदी सीमेवरची आणि एक मजकूर म्हणून दिलेली, अशा घ्या. ‘मर्यादा’साठी त्या ४०, ०, उणे ५, १०० आणि “४०” होतील. वरच्या दोन्ही चुका, ‘इट’ची आणि ‘गिमी’ची, अशा यादीत लगेच सापडतात: पहिली ४० ला, दुसरी ‘फॅक्ट’ला “०” दिल्यावर. उत्तर विचित्र आलं तर फंक्शनच्या पहिल्या ओळीखाली आर्ग्युमेंट छापा, आणि प्रत्येक ‘फाउंड युअर’च्या आधी परत जाणारी किंमत छापा. तपासून झालं की त्या ओळी पुसू नका, सुरुवातीला ‘बीटीडब्ल्यू’ लावून ठेवा. पुन्हा लागतात.